ट आणि ठ मधला फरक

टाच दुखत होती म्हणून तिनं फोन उघडला, एवढंच खरं तर घडलं. दुपारची सुट्टी होती. बाहेरच्या बाकावर पेशंट उरला नव्हता. एक्स-रेच्या खोलीला लागून असलेल्या बिनखिडकीच्या चिंचोळ्या खोलीत शिशाचा जड एप्रन खुंटीला अडकवून ती डबा उघडायच्या बेतात होती. सतरा वर्षं ती हेच काम करत होती. माणसाला गार पाटीसमोर उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास रोखा, सोडा, झालं. त्या सतरा वर्षांचं सगळं ओझं अलीकडे उजव्या टाचेत येऊन बसल्यासारखं वाटायचं. तिनं शोधाच्या चौकटीत ‘ट’ दाबला आणि काना द्यायच्या आत खाली जुन्या प्रश्नांची पट्टी उघडली. प्रत्येकापुढे बारीकसं घड्याळ, म्हणजे हे तुम्ही पूर्वी विचारलेलं आहे. ‘टाच दुखणे उपाय’, हे तिचंच. ‘टाइल्सवरचे डाग’, हेही तिचंच. आणि त्याच्या खाली, तितक्याच शांतपणे, ‘ट आणि ठ मधला फरक’.

आधी तिला हसू आलं. मग वाटलं, चिमीचा उद्योग असेल. पण चिमी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, दुसऱ्या गावी, आणि आईच्या फोनला ती आता बोटसुद्धा लावत नाही, म्हणते तुझा फोन म्हणजे कासव. नवरा पाण्याचे मीटर तपासायच्या खात्यात, दिवसाला दीडशे दारांवरची नावं वाचणारा, त्याला ट आणि ठ ची अडचण कशाला येईल? तिनं सहज ‘घ’ दाबून पाहिला. ‘घ आणि ध मधला फरक.’ ‘ध’ दाबला. ‘ध आणि घ कसे ओळखावे.’ ‘भ’ दाबला तर ‘भ आणि म’ आलं. डबा तसाच राहिला. आपल्या घरात आपण नसताना कुणीतरी येऊन बसून गेलंय, खुर्ची अजून गरम आहे, असं काहीतरी तिच्या पाठीतून सरकत गेलं. हे सगळं कुठे साठवलेलं असतं ते चिमीनं एकदा दाखवलं होतं, ती पायरीपायरीनं तिथे गेली, आणि ‘आतापर्यंतचे सर्व शोध’ असं लिहिलेलं एक पान तिच्यासमोर उघडलं, ज्याला तळ नव्हता.

नऊ वर्षं. तारीख, वार, तास, मिनिट. तिची अशी समजूत होती की ही चौकट म्हणजे विहिरीत तोंड घालून ओरडण्यासारखी आहे, आवाज घुमला की संपला, पाणी पुन्हा स्थिर. इथे तर एकेक हाक कुणीतरी ओंजळीत झेलून, तिच्यावर चिठ्ठी चिकटवून मांडून ठेवली होती. पाच वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी सकाळी आठ चाळीसला तिनं विचारलं होतं, ‘गाठ दुखत नाही म्हणजे काय’. त्याच दिवशी तेच आणखी सहा वेळा, शब्द फिरवून, जणू नीट शब्द सापडले तर उत्तर बदलेल. दुसऱ्या दिवशी ‘साधी गाठ हाताला कशी लागते’. आणि नवव्या दिवशी एकदम ‘पडदे किती दिवसांनी धुवावेत’. ते नऊ दिवस तिनं कुणालाही सांगितले नव्हते. स्वतःच्याच खात्यात, ओळखीच्या बाईकडून तपासणी करून घेतली होती, काही नाही म्हटल्यावर घरी येऊन पडदे काढले होते, आणि नवऱ्यानं विचारलं होतं आज हे काय अचानक. त्या नऊ दिवसांना जगात साक्षीदार नाही असं ती धरून चालली होती. होता. इतका बारकाईनं लक्ष ठेवणारा की ती स्वतः विसरलेलं मिनिटही त्याच्याकडे होतं. तिला राग यायला हवा होता, तो येईलही नंतर, पण त्या क्षणी तिला जे झालं ते रागापेक्षा फार वेगळं होतं. रात्री आभाळाकडे बघताना होतं तसं झालं. माणूस एवढा असतो? एका बाईच्या मनात नऊ वर्षांत एवढं येऊन जातं?

आणि मग तिच्या प्रश्नांच्या मधोमध ते दुसरे प्रश्न दिसायला लागले. लाकडाच्या फळीत वेगळ्या लाकडाची रेघ असावी तसे. त्यांची वेळ ठरलेली. सकाळी दहा ते बारा, नाहीतर दुपारी तीन ते चार. म्हणजे ती इथे आणि नवरा मीटरवर असताना. म्हणजे घरात एकच माणूस असताना. चिमीनं टाकून दिलेला टॅब, तिच्याच नावानं उघडलेला, अप्पांना लाकूडकामाचे व्हिडिओ बघायला म्हणून दिलेला. तिला कळलं, आणि कळल्यावर फोन तिनं मांडीवर पालथा घातला.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. पंचावन्न वर्षं सुतारकाम केलेला माणूस. शब्द कमी, हात मोठे. आकड्यांत पक्के, इंच आणि सुतात बोलायचे, चौकट अर्धं सूत तिरकी बसली तर रस्त्यावरून जाताना सांगायचे. आणि रोज सकाळी पेपर घेऊन तासभर बसायचे. नवरा तर चिमीला आजोबांचं उदाहरण द्यायचा, वाचन असावं तर असं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. सासूबाई होत्या तेव्हा त्या चहा झाल्यावर सगळा पेपर मोठ्यानं वाचायच्या. बातम्या, बाजारभाव, निधन, अगदी भाड्यानं देणे आहे इथपर्यंत. घरातल्या सगळ्यांनी त्यावरून त्यांची थट्टा केली होती, नवरा म्हणायचा, आई, मनात वाच ना गं. त्या हसायच्या आणि पुढची बातमी तितक्याच मोठ्यानं सुरू करायच्या. शेजारी अप्पा पायावर पाय टाकून, दुसरीकडे बघत, जणू त्यांना त्यात काही रस नाही. आता, या बिनखिडकीच्या खोलीत, पंख्याखाली घाम पुसत तिला ते दृश्य उलट बाजूनं दिसलं, शिवण उसवून कापड पालथं केल्यावर दिसावं तसं. ते वाचन नव्हतंच. एक माणूस दुसऱ्याला रोज सकाळी जग भरवत होता. आणि दोघांनी मिळून पोटच्या मुलाला, सुनेला, नातीला, गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना पन्नास वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती.

सासूबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर तीन आठवड्यांनी अप्पांचा पहिला प्रश्न होता. तो बोलून विचारलेला, म्हणून त्याच्यापुढे घड्याळाऐवजी एक त्रिकोण होता. तिनं नकळत तो दाबला आणि फोन कानाला लावला. आधी स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ ऐकू आला, तो नळ नंतर त्यांनी बदलून घेतला होता. मग घसा साफ केल्याचा आवाज. मग अप्पा, कचेरीत साहेबांसमोर उभं राहावं तसे, अदबीनं: “अहो, घरात वाचून दाखवणारं माणूस नसलं तर काय करायचं असतं?” तिनं फोन कानापासून दूर केला. यंत्राला ‘अहो’ म्हणणारा माणूस. तिच्याशी बोलताना त्या आवाजात एवढं मार्दव कधी नव्हतं. दुसऱ्या त्रिकोणाला तिनं हात लावला नाही. सतरा वर्षं तिनं माणसांच्या बरगड्यांच्या आत पाहिलं होतं, पण ते त्यांनी स्वतः येऊन, शर्ट काढून दाखवलेलं असायचं. फोटो काढायचा, बोलायचं नाही, काही दिसतंय का असं कुणी विचारलंच तर डॉक्टर सांगतील म्हणायचं. हे मात्र कुणी दाखवायला आलेलं नव्हतं.

पण यंत्रानं अक्षरांत उतरवून ठेवलेलं ती वाचत गेली. ते तिला थांबवता आलं नाही, आणि हे तिनं पुढे कधी स्वतःपासून लपवलंही नाही. ‘मोठ्या माणसाला अक्षरं शिकवणारा व्हिडिओ.’ ‘एकाहत्तराव्या वर्षी शिकता येतं का.’ ‘अक्षर डोक्यात राहत नाही.’ ‘आवाज न करता कसं वाचतात.’ घ आणि ध हा प्रश्न एका महिन्यात अकरा वेळा. मग एके दिवशी बोलणं थांबलं आणि बोटानं टाइप केलेलं सुरू झालं. ‘लकड’. ‘लाकड’. ‘लाकूड’. ‘सुतर’, ‘सूतार’, ‘सुतार’. त्यांना कुठूनतरी कळलं होतं की चौकटीत चुकीचं लिहिलं तर खालून येतं, तुम्हाला असं म्हणायचं होतं का. रागावत नाही, हसत नाही, किती वेळा चुकलात ते तोंडावर काढत नाही. एवढा सालस मास्तर त्यांना शोधून सापडला नसता. चौकटीची त्यांनी पाटी केली होती. लिहायचं, बघायचं, पुसायचं. पाटी पुसली की पुसली, हाच आजवरचा रिवाज, ही पाटी मागच्या मागे सगळं उतरवून घेत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. मग नावं. सासूबाईंचं नाव, नुसतं नाव, पुढे मागे काही नाही. एकदा, दोनदा, एका शुक्रवारी सलग नऊ वेळा. त्या नावाच्या किती परक्या बायकांचे फोटो त्या टॅबवर आले असतील आणि अप्पांनी ते बाजूला सारून पुन्हा नाव लिहिलं असेल. मग मुलाचं नाव. मग चिमीचं, शाळेतलं. मग तिचं. तिच्या नावात एक जोडाक्षर होतं, ते चार वेळा चुकलं होतं आणि पाचव्यांदा बरोबर आलं होतं. तिला लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तिचं नाव कुणी एवढे कष्ट करून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

आणखी एक कोडं सुटलं. गेली तीनचार वर्षं तिला जाहिराती यायच्या त्या अशा विचित्र की ती बरोबरच्या नर्सला दाखवून हसायची. मुलांच्या अंकलिप्या, ठळक अक्षरांची गोष्टीची पुस्तकं, सुरेख हस्ताक्षराच्या वह्या, आणि मधेच लाकूड चिकटवायच्या गोंदाचे डबे. नर्स म्हणायची, यंत्राला वाटतंय तुला या वयात दिवस गेलेत. वेडं यंत्र, असं म्हणून दोघी फोन खिशात टाकायच्या. वेडं नव्हतं ते. जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. आणि त्यानं कुणाकुणाला सांगितलं होतं देव जाणे, वह्या विकणाऱ्यांना तर नक्कीच. ज्या गोष्टीसाठी एक बाई पन्नास वर्षं रोज घसा कोरडा करत राहिली, ती झाकली मूठ कुठल्यातरी थंड इमारतीत उघडी पडली होती. घरच्यांना ती दिसली नाही, कारण घरच्यांनी पाहिलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर आता एकेक प्रसंग रांगेनं येऊन उभा राहायला लागला, पेशंट उभे राहतात तसा, आपला नंबर कधी म्हणत. सासूबाईंना याच इस्पितळात दाखल केलं तेव्हा अप्पांच्या हातात संमतीचा कागद दिला होता, आणि ते म्हणाले होते चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत होता. तिनं वैतागून कागद हिसकावून घेतला होता आणि घडाघडा वाचून दाखवला होता, आणि त्यांनी हळूहळू, लाकडात पटाशीनं कोरावी तशी सुबक सही केली होती. ती सही अक्षरांची नव्हती. पाठ केलेलं चित्र होतं.

आणि तो टाकीचा दिवस. सासूबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. इमारतीच्या टाक्या धुणार, पाणी भरून ठेवा, असा कागद दाराला चिकटवला होता. अप्पा दिवसभर घरी होते. ती संध्याकाळी सहाला आली तर थेंब नाही, भांडी पडलेली, दाराला कागद फडफडतोय. ती बोलली होती. पुष्कळ बोलली होती. डोळ्यांसमोरचा कागद वाचायचेही कष्ट नकोत का तुम्हाला, असं म्हणाली होती. अप्पा खाली बघत उभे होते आणि मग बादली घेऊन समोरच्या इमारतीत गेले होते. तिसऱ्या मजल्यावरून, चार खेपा. हे आठवताना तिचं बोट पुढे सरकतच होतं आणि एका ठिकाणी थांबलं. साधारण दोन वर्षांपूर्वी, बुधवार, सकाळी दहा एक्केचाळीस. ‘व’. नुसता व. बहुतेक वाळवी लिहायचं होतं, कारण आदल्या दिवशी वाळवीच होती. दहा त्रेचाळीसला ‘द आणि ध एकत्र’. दहा बावन्नला ‘द्ध कसा म्हणायचा’. अकरा चारला ‘श्र’. अकरा नऊला ‘व खाली अर्धा गोल’. आणि अकरा वीसला पूर्ण, एकही चूक नसलेलं, ‘वृद्धाश्रम घराजवळ’.

हा शब्द त्यांना सापडला कुठून? मग ती मागे गेली, वर्ष दीड वर्ष मागे, टाकीच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत. तिथे ते होतं. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, याच खोलीतून, याच डब्यासमोर बसून तिनं लिहिलेलं. वृद्धाश्रम घराजवळ. एकदाच. राग होता, टाच दुखत नव्हती तेव्हा पण डोकं दुखत होतं, लिहिलं, दोन पत्ते पाहिले, आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत विसरलीही. इतकी विसरली की कुणी शपथेवर विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं आणि ते तिच्या दृष्टीनं खरंही असतं. ती विसरली, पाटी विसरली नाही. दीड वर्षानं एका सकाळी ‘व’ म्हटल्याबरोबर ते त्या पाटीनं अप्पांच्या हातात ठेवलं, पुढे बारीकसं घड्याळ लावून. ज्या सकाळी त्यांना ते वाचता आलं नसतं अशा हजारो सकाळी होऊन गेल्या होत्या. अकरा सत्तावीसला त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. ‘वृद्धाश्रमात हत्यारं नेता येतात का.’ त्यानंतर तीन दिवस काही नाही. तिनं ते तीन दिवस आठवून पाहिले. त्या तीन दिवसांत ती त्यांच्यासमोर बसून जेवली असेल, अप्पा भाजी वाढू का म्हणाली असेल, ते हो किंवा नको म्हणाले असतील. कपाळ दाबून धरलं तरी तिला एक घास, एक शब्द आठवेना. आणि चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, ‘श आणि ष मधला फरक’. ते पुन्हा शाळेत आले होते.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. येताना पावती फाडायचं बुक घेऊन ये वगैरे त्याचं काहीतरी होतं, ती हो म्हणाली. तो म्हणाला, आवाज का असा? अप्पांचं सगळं तिच्या ओठापर्यंत आलं. अरे, तुझे वडील, एवढे शब्द म्हणून झालेही. काय झालं अप्पांना, तो घाबरून म्हणाला. काही नाही, ती म्हणाली, ठीक आहेत ते. फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण आता सासूबाईंच्या जागी येऊन बसलो आहोत, न मागता. दुपारच्या तीन पेशंटचे फोटो तिनं काढले. त्यातले एक आजोबा पंजा दुखतो म्हणून आले होते. तिनं त्यांचा हात पाटीवर ठेवून बोटं एकेक करून पसरली तेव्हा ते म्हणाले, केवढं हळू धरता हो. पडद्यावर सत्तावीस हाडं उजळली. रोजचीच. तिला पहिल्यांदाच वाटलं, या एवढ्याशा काड्यांनी माणूस दारं करतो, आणि अक्षरंही.

टाच दुखते असं सांगून ती लवकर निघाली आणि साडेतीनलाच घरी पोचली. अप्पा गॅलरीत सकाळचाच पेपर घेऊन बसले होते. चपला काढता काढता ती दारातच थांबली आणि बघत राहिली. ओठ हलत नव्हते, बोट फिरत नव्हतं. फक्त मधेच एके जागी नजर अडायची, थोडी मागे यायची आणि पुन्हा त्यावरून जायची, गाठ आली की रंधा मागे घेऊन पुन्हा चालवतात तशी. हे ती रोज पाहत आली होती. हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. बसमध्ये तिनं वाक्य तयार केलं होतं, तेच ती समोरच्या खुर्चीत बसून, टॅब मांडीवर ठेवून म्हणाली. “अप्पा, तुमचं वेगळं खातं उघडू या यावर. आत्ता सगळं माझ्या नावावर जातं.”

“जातं म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही जे विचारता ते माझ्या फोनमध्ये दिसतं. मी विचारते ते तुम्हाला.”

त्यांनी पेपर होत्याच घड्यांवर घडी केला, एकदा, दोनदा, आणि मांडीवर हातानं दाबून सपाट केला. “कधीपासूनचं?”

“पहिल्यापासूनचं.”

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग तिला राहवेना, ती म्हणाली, अप्पा, ते वृद्धाश्रमाचं, आणि त्यांनी हात वर केला, करवतीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला थांब म्हणावं तसा.

“तो शब्द मी एकट्यानं लावला,” ते म्हणाले. “सबंध सकाळ गेली. द्ध सुटता सुटेना. खाली ती वृची भानगड, मागून श्र. सगळी अवघड मंडळी एका शब्दात जमलेली. लागला तेव्हा असा आनंद झाला, सूनबाई, की उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. कुणाला सांगावं कळेना. अर्थ नंतर लक्षात आला.”

मग ते म्हणाले की वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण तुझंही चुकलं नव्हतं, तो टाकीचा कागद मी त्या दिवशी चारदा पाहिला होता, वाटलं कसली जाहिरात असेल. ती म्हणाली, तेव्हाच सांगितलं असतं तर मी तसं बोलले असते का? त्यावर ते जरासे हसले. पन्नास वर्षं न सांगितलेली गोष्ट एका दिवसात कशी सांगतात, म्हणाले, सवयच नाही ना. तुझ्या सासूला शेवटी शेवटी हीच काळजी, मी गेले की ह्यांना पेपर कोण वाचून दाखवेल. कुणी वाचून दाखवायला नको, माझा मीच वाचतो, असं म्हणालो असतो तिला आता. मग एकदम कामाच्या आवाजात त्यांनी विचारलं, “हे बघतं कोण?”

तिनं खरं तेच सांगितलं, की माणूस बसून वाचत असेल असं नाही, पण ठेवलेलं असतं, कशाकशासाठी ते तिलाही नीट ठाऊक नाही, त्यातूनच जाहिराती येतात. म्हणजे त्यांना ठाऊक आहे माझं, अप्पा म्हणाले. यंत्राला आहे, ती म्हणाली. आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही? सांगितलं ना, ती म्हणाली, अंकलिपी विकणाऱ्यांना. अप्पांना यावर खरोखर हसू आलं, खांदे हलेपर्यंत, आणि तिलाही आलं, आणि तिचं हसू मधेच फाटलं तेव्हा ते शहाण्यासारखे दुसरीकडे बघत राहिले.

खातं उघडताना नाव टाका असं आलं. त्यांनी टॅब स्वतःकडे ओढून घेतला आणि आपलं, वडिलांचं, आडनाव, अशी तिन्ही नावं लिहिली. एकाही ठिकाणी मागे आले नाहीत. मग पासवर्ड. म्हणजे कुलूप, ते म्हणाले. हो, आणि किल्ली तुमच्याकडेच, मलाही सांगायची नाही, असं म्हणून ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे बोटांचा आवाज येत होता. एक, थांबणं, दोन. किती अक्षरं होती ते ती मोजू लागली होती, ते लक्षात आल्यावर तिनं मुद्दाम खालच्या पाण्याच्या आवाजाकडे कान लावला. झालं, अप्पा म्हणाले. मग म्हणाले, “आणि जुनं?”

तिला ते पुसायचं नव्हतं. तिनं तसं बोलूनही दाखवलं. एवढं मोठं काम केलंत, चार वर्षांचं, मिनिटामिनिटानं लिहिलेलं आहे, असं कुणाचं कुठे असतं, राहू दे, चिमीला कधीतरी दाखवू. अप्पांनी मान हलवली. काम झालं की भुसा झाडायचा असतो, म्हणाले, मागं टेबल राहतं. मग त्यांना आठवलं. तुझंही जाईल ना त्यात? जाईल, ती म्हणाली, एकत्रच आहे सगळं. चालेल तुला? तिला ते नऊ दिवस आठवले, पडदे आठवले, दुपारचं एक वाजून दहा मिनिटं आठवलं. खरंच पुसलं जातं की कुठेतरी आणखी आत ढकललं जातं, हेही मनात आलं. “चालेल,” ती म्हणाली.

टॅबवर आपलं जुनं खातं पुन्हा उघडून ती पानाच्या वरच्या टोकाला गेली, ‘सर्व पुसा’वर बोट ठेवलं, तेव्हा एक पांढरी चौकट पुढे आली आणि तीत दोन ओळी. पुढचं बटण ती दाबणार तोच अप्पांनी टॅब आपल्या मांडीवर घेतला, गळ्यातला चष्मा नाकावर चढवला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. तिच्यासमोर, बावीस वर्षांत पहिल्यांदा. “तुमचे सर्व शोध,” ते म्हणाले, आणि ‘कायमस्वरूपी’पाशी अडले. मागे आले, पुन्हा गेले. शब्द तिच्या जिभेवर होता. तिनं जीभ दातांखाली धरली. “कायम... स्व... कायमस्वरूपी पुसले जातील.” त्यांनी श्वास घेतला. “ही कृती पूर्व... पूर्ववत करता येणार नाही.” आवाज चढला नव्हता, पण पेपर वाचताना सासूबाई वाक्य संपल्यावर जसं किंचित थांबायच्या तसे ते थांबले. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, “पूर्ववत म्हणजे?”

“पहिल्यासारखं.”

त्यांनी ती ओळ मनात पुन्हा एकदा वाचली. “मग बरोबर लिहिलंय,” असं म्हणून त्यांनी स्वतःच बटण दाबलं.